मामलेदाराची तीन बोटं

"ओल मोप हाय," मी म्हणालो आणि कोपरापर्यंत आत घातलेला हात बाहेर काढला. "उलट जास्तच हाय. पाणी कमी करा साहेब, न्हाईतर बुरशी धरंल."

होनरावसाहेबांनी खुर्चीतूनच मान वाकवून पिंजऱ्याच्या काचेला आतून चिकटवलेल्या, हवेतली ओल दाखवणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. "सत्तर टक्के. म्हणजे तुमचा हात आणि माझं यंत्र एकच सांगतंय. आता शंका नको."

पिंजरा कसला, पुरुषभर उंचीचं लाकडी कपाटच होतं ते. पुढून काच, वरून जाळी, तळाला काथ्याचा भुसा आणि पाण्याचं पसरट भांडं, मध्ये आडव्यातिडव्या फांद्या. सगळ्यात वरच्या फांदीवर, दिव्याखाली, मामलेदार बसला होता. मामलेदार म्हणजे इग्वाना, परदेशी हिरवा सरडा, शेपटीसकट माझ्या हाताहून लांब. साहेबांच्या पुतण्यानं हौसेनं पाळला आणि नोकरीसाठी दुबईला जाताना काकांच्या गळ्यात मारला. काम काही करायचं नाही, उंचावर बसून एका डोळ्यानं सगळ्यांना जोखायचं, म्हणून साहेबांनी त्याला हे नाव दिलं. पहिले दोन महिने ते कुरकुरले. वर्षभरात पेपरातल्या बातम्या त्याला वाचून दाखवायला लागले.

"पण अप्पा," माझी मुलगी शिवलीला म्हणाली, "ओल असती तर बोटांवरची कात सुटली असती की. अंगावरची निघाली, ही तेवढी अडकून बसलीय."

मामलेदाराच्या मागच्या डाव्या पायाच्या तीन बोटांवर जुनी कातडी वाळून राखाडी कडी झाली होती. अंगठीत बोट सुजावं तशी बोटं त्या कड्यांपुढे फुगायला लागली होती. नवी कात येते तेव्हा हवा दमट नसेल तर जुनी कातडी सैल पडत नाही, हे शिवलीलानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणूनच तिनं मला, दुकान सोडून, तिथं नेलं होतं.

"चाळीस वर्षं ह्याच हातानं पानं जगवली मी," मी म्हणालो. "ह्याला ओल कळंना व्हय?"

ती गप्प बसली. मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे.

आता माझ्या हाताबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बार्शीत आमचं पानाचं दुकान माझ्या आज्यापासूनचं. विड्याचं पान तोडल्यावरही जिवंत असतं. पाणी जास्त झालं की करंडीच्या तळाशी कुजतं, कमी झालं की कडा वाळून कागद होतो. मे महिन्यात आमच्याकडे धुतलेलं धोतर दोरीवर टाकून माघारी वळेपर्यंत वाळतं. अशा हवेत पान चार दिवस ताजं ठेवायचं म्हणजे चेष्टा नाही. मी डोळे मिटून करंडीत हात घालायचो आणि सांगायचो, आज शिंपडा, आज नको, आज फडकं नुसतं पिळून टाका. दुसरे तांबोळी आपल्या करंड्या माझ्याकडे तपासायला आणायचे. एकदा लातूरहून एक जण आला होता. मी ही गोष्ट तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आताही सांगतो.

होनरावसाहेब माझ्याहून कमी नव्हते. चौतीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक म्हणून काढलेली. पहाटे उठून पाऊस मोजायचा, वारा मोजायचा, हवेतली आर्द्रता मोजायची आणि वहीत लिहून सही करायची. निवृत्त होऊन बार्शीला आले, पत्नी गेल्या, गुडघे गेले, वहीची सवय राहिली. मामलेदाराच्या पिंजऱ्यात त्यांनी बाजारातून आणलेली तबकडी लावली आणि रोज तीनदा आकडा लिहून सही ठोकायला लागले. बैठकीत बसल्या जागी दिसावी म्हणून ती खालच्या कोपऱ्यात लावली होती. गुडघ्यामुळे उठणं नको म्हणून.

शिवलीलाची बारावीची परीक्षा झाली होती. दुपारी ती साहेबांना जेवणानंतरचं पान द्यायला जायची आणि तासभर तिथंच रमायची. मामलेदाराला पालक चिरून घालणं, पिंजरा पुसणं, पाणी फवारणं, हे हळूहळू तिच्याकडेच आलं. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. घरात पानं, बाहेर म्हशी, असं काहीतरी बोलायचो आणि विषय बदलायचो.

तर माझ्या शब्दावर त्या सोमवारी शिवलीलानं फवारणी निम्म्यावर आणली.

गुरुवारी ती तिकडून आली आणि जेवायला बसली नाही.

"काय झालं गं?"

"बोटं काळी पडायलीत अप्पा. मी सोलापूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, कड्यानं रक्त अडवलंय. कोमट पाण्यात पाय भिजवा, हवा दमट ठेवा. सोमवारपर्यंत सुटलं नाही तर तिन्ही बोटं कापावी लागतील."

"साहेब काय म्हणाले?"

"पिंजऱ्याकडं पाठ करून बसले होते. मी निघताना म्हणाले, पुतण्याला काय तोंड दाखवू." मग म्हणाली, "त्याचं सगळं जगणं फांदीवर असतंय आणि चारी पायांनी तो फांदी धरतो. बोटं गेली तर वर चढायचं कसं त्यानं?"

मी भाकरी खाल्ली. खोटं कशाला बोलू, चव लागली नाही. पाणी कमी करा असं सांगणारा मीच होतो आणि ते तिला माहीत होतं. पण तिनं एका शब्दानं ते काढलं नाही. टोमणा मारला असता तर मी ओरडून मोकळा झालो असतो.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात आली. घरात बसवत नव्हतं तिला. मी करंडीवरचं ओलं फडकं काढलं आणि वरची दहावीस पानं उचलून बाजूला ठेवली. रोजचंच काम. ती बघत होती.

"ही आधी का काढता?"

"आधी हीच खपवायची. वरची पानं पहिल्यांदा वाळतात."

"फडकं तर ओलं असतंय की."

"असू दे की. वर वारं लागतं, ऊन लागतं. कुजतं ते तळाला, वाळतं ते वर. म्हणून मी हात घालतो तो तळाला घालतो. वरचं डोळ्याला दिसतंच की, त्याला हात कशाला लागतो?"

हे मी तिला लहानपणापासून शंभरदा सांगितलं असेल. पण ती हातातलं पान तसंच धरून उभी राहिली. पानाची कड थोडी करपली होती.

"अप्पा, सोमवारी तुम्ही हात कुठं घातला होता?"

"पिंजऱ्यात."

"पिंजऱ्यात कुठं?"

कोपरापर्यंत हात घालून मी तळाचा काथ्या चाचपला होता. चाळीस वर्षांची सवय. आणि साहेबांची तबकडी तळाशीच, पाण्याच्या भांड्याच्या डोक्यावर चिकटवलेली.

"मामलेदार तर खाली येतच नाही," ती म्हणाली. "तो दिवसभर वर, दिव्याखाली असतो. वरची हवा कुणी बघितलीच नाही."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या पानाला मी चुना दोनदा लावला.

"जुनं फडकं द्या एखादं," ती म्हणाली. "मऊ झालेलं. आणि एक रिकामी करंडी."

दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मी तिच्यामागे निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

साहेब दाढी न करता बसले होते. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. तबकडी चुकीच्या जागी आहे, हे शिवलीलानं तोंडातून काढलं नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं आणि मनात म्हटलं, पोरीला अक्कल आहे. ती एवढंच म्हणाली, "काका, ही तबकडी नव्हती तेव्हा तुम्ही दमटपणा कसा मोजायचा?"

साहेबांनी मान वर केली. "दोन तापमापक. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या टोकाला मलमल गुंडाळायची, मलमलीचं दुसरं टोक पाण्यात. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक खाली उतरतो. दोघांत जितकं अंतर जास्त, तितकी हवा कोरडी."

"ते भिंतीवरचे तसलेच ना?"

भिंतीवर काचेच्या पेटीत दोन तापमापक टांगलेले होते, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले. एकाच्या टोकाला पिवळा पडलेला धागा लोंबत होता, मलमल कधीच कुजून गेलेली.

"ते शोभेचे," साहेब म्हणाले. "मलमल कुठून आणणार आता?"

तिनं माझं फडकं पुढे केलं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून चोळलं आणि मग पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे चालेल. नव्या कापडाला खळ असते, पाणी चढत नाही. हे किती वर्षांचं?"

"पाच-सहा," मी म्हणालो. "रोज दहादा पाण्यातून निघतं."

साहेबांनी स्वतः पट्टी फाडली, स्वतः गुंडाळली. गाठ वेधशाळेतली होती. शिवलीला स्टुलावर चढली आणि तिनं दोन्ही तापमापक वरच्या फांदीजवळ, दिव्याच्या थोडं बाजूला टांगले. मामलेदारानं एक डोळा फिरवला आणि बसून राहिला. पायाची बोटं आता काळीजांभळी दिसत होती.

पारा स्थिरायला पंधरा मिनिटं दिली.

"कोरडा बत्तीस," तिनं वाचलं. "ओला बावीस."

साहेबांना तक्ता बघायची गरज नव्हती. त्यांनी डोळे मिटले. "चाळीस," ते म्हणाले. "जेमतेम चाळीस टक्के."

"आता खाली लावते."

खाली अठ्ठावीस आणि चोवीस आलं. साहेब म्हणाले, "सत्तर. तबकडी बरोबर आहे." मग तबकडीकडे बोट दाखवून म्हणाले, "चौतीस वर्षं मी नव्या पोरांना शिकवलं, की यंत्र सोयीच्या जागी लावायचं नसतं. भिंतीजवळ नको, पाण्याजवळ नको. हवा जिथली मोजायची तिथंच लावायचं. आणि मी काय केलं, तर खुर्चीतून दिसावं म्हणून लावलं."

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, आता मी गप्प राहिलो तरी चालेल. साहेबांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. माझ्या हाताचं नाव अजून बाजारात शाबूत होतं आणि ह्या खोलीबाहेर कुणाला काही कळणार नव्हतं. मग मी शिवलीलाकडे पाहिलं. ती स्टुलावर उभी होती, ओल्या पट्टीचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला माझ्याकडून काही नको होतं.

"साहेब," मी म्हणालो, "तुमची तबकडी नुसती चुकीच्या जागी हुती. पाणी तोडा म्हणून सांगितलं ते म्या. माझा हात चुकला."

माझ्या तोंडून हे वाक्य त्याआधी कधी निघालं नव्हतं. बायकोला विचारा, ती शपथेवर सांगेल.

शिवलीलानं मान वळवली. "हात बरोबर होता अप्पा," ती म्हणाली. "तळाला ओल होतीच की. आता ती वर न्यायची. फडकी सांगा कशी बांधायची ते."

मग मात्र मी कामाला लागलो. जाळीचा निम्मा भाग जुन्या प्लॅस्टिकनं झाकला, नाहीतर सगळी ओल वरून निघून गेली असती. पूर्ण झाकायला गेलो तर तिनं थांबवलं, हवा खेळायला पाहिजे म्हणाली. वरच्या फांदीमागे दोन फडकी टांगली. रिकाम्या करंडीला आतून ओलं फडकं लावून, तोंड आडवं करून, ती फांदीला बांधली, दिव्याच्या झळीपासून हातभर लांब. फडकं किती पिळायचं ते मी दाखवलं. पाणी ठिबकता कामा नये आणि मुठीत दाबलं तर तळव्याला ओल लागली पाहिजे. दर दोन तासांनी बदलायचं. तापमापक आता वरच राहिले.

संध्याकाळी वर बासष्ट टक्के आले. अंधार पडायच्या आत मामलेदार करंडीत शिरला आणि तोंड बाहेर काढून बसला. माझ्या दुकानाच्या करंडीत बसलेला मामलेदार बघून साहेब किती दिवसांनी हसले.

शनिवारी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पाय भिजवला. रविवारी दुपारी तिसऱ्यांदा. साहेबांनी मामलेदाराचं डोकं टॉवेलात धरलं होतं, शिवलीला ओल्या कापसानं बोट चोळत होती, एकाच दिशेनं, अगदी हळू. कडं मऊ पडलं होतं, एका बाजूला उचललं गेलं होतं. माझी बोटं शिवशिवायला लागली.

"थोडं वढ की," मी म्हणालो. "मी काढतो, थांब."

"हात लावू नका," ती म्हणाली. "तुमच्या बोटांना चुना असतो. आणि ओढायचं नाही. ओढलं तर नवी कातडी सोबत येती."

मी हात मागे घेतला. आयुष्यभर ज्या हाताचा तोरा मिरवला तो हात मी पाठीमागे धरून उभा राहिलो आणि माझ्या अठरा वर्षांच्या मुलीला काम करताना बघत राहिलो. तिची मान वाकलेली होती. श्वाससुद्धा बेतानं घेत होती. ओल कुठं आहे, किती आहे, अजून किती थांबायचं, हे तिच्या बोटांना कळत होतं. ती बोटं मी ओळखली. माझ्या आज्याची होती ती.

पहिलं कडं निघालं. मग दुसरं, नखासकट आख्ख्या बोटाची पारदर्शक खोळ. तिसरं सगळ्यात धाकट्या बोटावरचं, ते सुटायला आणखी पाऊण तास लागला. त्या बोटाचं टोक काळं ते काळंच राहिलं आणि पुढं महिनाभरात वाळून गळून गेलं. बाकीची दोन बोटं आठवड्यात हिरवी झाली. सोमवारी डॉक्टरांनी फोटो बघितला आणि कापायचं काही नाही म्हणाले. मग विचारलं, हे कुणी केलं. साहेबांनी फोन शिवलीलाच्या हातात दिला.

त्याच दिवशी साहेबांनी वही काढली. वेधशाळेचा माणूस खोडरबर वापरत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारतो, जुना आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण लिहून सही करतो. साहेबांनी तबकडी लावल्यापासूनच्या तीन महिन्यांच्या पानांवर एकेक रेघ मारली आणि प्रत्येक पानावर लिहिलं, जागा चुकली. मी म्हणालो, "त्यात माझंबी नाव घाला. मागच्या सोमवारच्या खाली. तांबोळ्याचा हात चुकला म्हणून." त्यांनी घातलं. मी खाली सही केली. मग साहेबांनी नवीन पान उघडलं, वरच्या फांदीची आर्द्रता अडुसष्ट असं शिवलीलाला लिहायला लावलं आणि निरीक्षक असं छापलेल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं सही कर," ते म्हणाले. "पूर्ण नाव."

तिनं लिहिलं, शिवलीला विरुपाक्ष तांबोळी. वडिलांचं नाव मधे असतंच सगळ्यांच्या. पण त्या रकान्यात मी ते तीनदा वाचलं. घरी येताना मी तिला विचारलं की जनावरांच्या डॉक्टरकीचा अर्ज कधी भरायचा असतो. ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात." मी म्हणालो, "मग भर की."

ह्याला आता बारा वर्षं झाली. होनरावसाहेब नाहीत. पुतण्यानं दुबईहून येऊन मामलेदाराला करंडीसकट नेलं, करंडीशिवाय तो झोपत नव्हता. शिवलीला परभणीकडे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. गाढवापासून पोपटापर्यंत सगळे तिच्याकडे येतात. उन्हाळ्यात कधीतरी फोन करते आणि शेवटी न चुकता विचारते, "अप्पा, वरची पानं बघितली का?"

दुकानात गल्ल्याच्या वर एक छोटी काचेची बाटली आहे. तिच्यात सरड्याच्या बोटाची पारदर्शक खोळ आहे, टोकाला बारीक नख. साहेबांनीच ती मला दिली होती. नवं गिऱ्हाईक पान तोंडात टाकता टाकता विचारतं, अप्पा, हे काय ठेवलंय. तेव्हा मी हातातलं काम थांबवतो. लातूरहून आलेल्या तांबोळ्याची गोष्ट मी आता दुसऱ्या नंबरावर सांगतो. पहिली ही सांगतो, की ह्या हाताला सगळी बार्शी मानते आणि हा हात आयुष्यात एकदाच चुकला. मग गिऱ्हाईक विचारतं, चुकला हे कळलं कसं. त्याच प्रश्नाची मी वाट बघत असतो.

"माझ्या लेकीनं पकडला," मी सांगतो आणि पुढच्या पानाला चुना लावायला घेतो.